चांगुणाकाकूची हाक

माझी चुलती चांगुणा भिंगारच्या बाजारात भाजी विकायची. जिभेला हाड नव्हतं तिच्या, पण नवऱ्याचं नाव विचारलं की गप्प! नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, हे आईनं डोक्यात भरवलेलं. लग्नातल्या उखाण्यात काय घेतलं तेवढंच. पोस्टमननं विचारलं तरी ती शेजारणीला पुढं करायची. आम्ही हसायचो.

एकाहत्तरच्या मे महिन्यात काका-काकू श्रीरामपूरला लग्नाला निघाले. काकू बायकांच्या डब्यात बसली, काका मागच्या. राहुरीच्या पुढं भरदुपारी गाडी रुळावरून घसरली. काकूचा डबा नुसता कलला; मागचे दोन आडवे झाले.

रुळावर काम करणारा भिमाजी आपली माणसं घेऊन सगळ्यांच्या आधी पोचला. पत्रा कापायला हत्यारं तुटपुंजी. म्हणून त्यानं गलका थांबवला आणि एकेकाला पत्र्याशी उभं करून आपल्या माणसाला हाक मारायला लावली. आतून ओ आली की तिथंच कापायचं.

काकू ओरडली, "अवो! ऐकता का, अवो!"

"मावशे, नाव घिऊन हाक मार," भिमाजी म्हणाला. "समद्याच बाया अवो म्हनत्यात. आतल्याला कसं कळावं?"

"नाव कसं घिऊ? त्यांच्या जिवावर बेतंल."

"आता काय कमी बेतलंय?"

तिनं डोळे मिटले, ओठ हलवले आणि पुन्हा "अवो"च म्हणाली. आतून काही आलं नाही. भिमाजी कपाळाला हात लावून पुढच्या माणसाकडं वळला.

दिवस कलताना काकाला बाहेर काढलं ते काकूनं हाक मारली होती नेमकं तिथूनच. जखम फारशी नव्हती. डॉक्टर म्हणाले, गुदमरून गेला, तासाभर आधी काढला असता तर वाचला असता.

काकाशेजारी अडकलेला मच्छिंद्र नावाचा एक प्रवासी तेवढा जिवंत निघाला. त्याला तेव्हा तोंडातून शब्द काढायचं त्राण नव्हतं. नंतर दवाखान्यात काकूसमोरच म्हणाला, "पावनं शुद्धीवर हुतं. पत्र्यात आवाज घुमत हुता, वळखू येईना; म्हनलं, कुनाची तरी मालकीन हाय. मी मधीच ओ दिली तर तिचा मानूस ऱ्हाऊन जाईल. म्हनून गप बसलं." काका होताच तसा. कुणाच्या आड येणं त्याला जमायचं नाही, मरताना तरी कुठं आला!

दहाव्याला घरात बायका जमल्या. साळूआत्या पदरानं डोळे पुसत म्हणाली, "एवढं आभाळ कोसळलं, पन पोरीनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं न्हाई. अशी पतिव्रता सापडायची न्हाई." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला त्या सगळ्यांना घराबाहेर काढावंसं वाटलं.

काकू दहा दिवसांत पहिल्यांदाच बोलली. "गहिनीनाथ," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "गहिनीनाथ! गहिनीनाथ!"

आत्यानं तिच्या तोंडावर हात ठेवला. काकूनं तो झटकला.

"आत्याबाई, मला पतिव्रता म्हनू नगा," ती म्हणाली. "मी मारलं त्यास्नी."