गच्चीवरच्या खडूच्या रेघा

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर सोनवणे सरांनी माझी चूक चारचौघांत स्वतःच्या अंगावर घेतली, तिथून माझं सगळं बदललं. सरांच्या साठीनिमित्तच्या या ग्रंथात मोठमोठी माणसं लिहितील. मी कॉलेज अर्ध्यात सोडलेला, तापट डोक्याचा. तरी लिहितो.

पहिली भेट सातपूरची. कारखान्यातली फिटरची नोकरी सोडून सरांनी पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग काढला होता. एका बाजूला चार कॉम्प्युटर, दुसऱ्या बाजूला सोलरची पॅनेलं. पन्नाशी उलटल्यावर सर स्वतः कॉम्प्युटर शिकले, तेही आपल्याच एका विद्यार्थ्याकडून. त्याला ते 'गुरुजी' म्हणत. मी ऐटीत सांगितलं, "मला कॉम्प्युटर येतो." सरांनी हातात खडू दिला. "मग गच्चीवर जा. दर तासाला सावली कुठवर येते, तिथं रेघ मार."

पॅनेलवर सावली पडली की वीज आटते, म्हणून वर्गाचा नियमच तो. दिवसभराच्या रेघा मारल्याशिवाय कॉम्प्युटरमध्ये आकडा भरायचा नाही.

पाड्यावरच्या दवाखान्यात लसींचा फ्रिज सोलरवर चालवायचा होता. पाहणीला मी गेलो. पण गंगापूर रोडच्या एका क्लासमधून एक मुलगी पाचला सुटायची. नाव लिहीत नाही. ती दिसावी म्हणून मी दुपारच्या रेघा न मारताच बस पकडली आणि आकडे अंदाजाने भरले.

पॅनेलं बसली. दुपारनंतर पाण्याच्या टाकीची सावली बरोबर त्यांच्यावर. आठवड्यात फ्रिज कोमट झाला. सिस्टरबाईंनी लसी बर्फाच्या डब्यात घालून तालुक्याला पळवल्या, म्हणून वाचल्या.

आम्ही पोचलो तेव्हा अख्खा पाडा जमला होता. सिस्टरबाई म्हणाल्या, "माझ्या शब्दावर बाया लेकरं घेऊन डोंगर उतरतात, सर. उद्या कोण येईल? ही गच्ची बघितली कोणी होती?"

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "चूक माझी, ताई. मी स्वतः यायला हवं होतं."

मग ते शिडी चढले. मी मागोमाग गेलो. म्हटलं, "सर, मला शिव्या तरी द्या."

"शिव्यांनी सावली हटते का? धर खडू."

सूर्य मावळेपर्यंत सर माझ्याशेजारी उकिडवे बसून होते. दुसऱ्या दिवशी पॅनेलं हलवली. तो फ्रिज आजतागायत गार आहे.

परतताना बसमध्ये सरांनी हळूच विचारलं, "कोणासाठी पळालास?"

सांगून टाकलं.

"तिला विचारलंस?"

"नाही. ती नाहीच म्हणेल."

"म्हणजे तिथंही गच्ची न चढताच आकडा भरलास."

त्यानंतर एकही गच्ची मी चढल्यावाचून सोडली नाही. ती एक तेवढी राहिली.

सरांना भरपूर आयुष्य लाभो. गुडघ्यांनी कुरकुर न करता त्यांना अजून पुष्कळ शिड्या चढू द्याव्यात, आणि वर पोचल्यावर खडू धरायला आम्ही असावं.

साडेचार झाले. ती अजूनही पाचलाच सुटते. सायकलवरून गंगापूर रोड गाठायला अर्धा तास लागतो. कॉम्प्युटर बंद करतो, बाहेर पडतो आणि शेडचं दार लावून घेतो.