सीटवरचं प्लास्टिक

शेजाऱ्यांनी काल नवी गाडी आणली आणि सीटवरच्या प्लास्टिकचा तो वास नाकात शिरताच माझं डोकं सणकलं. माझा धाकटा भाऊ कबड्डीच्या मोठ्या लीगमध्ये पहिल्यांदा खेळून आला, तेव्हा लातूरच्या शोरूममधून अशीच काळी धिप्पाड गाडी घेऊन थेट गावी, मुरुडला आला होता. भर उन्हात गल्ली जमली, हलगी वाजली, आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि हा मात्र दार धरून, एक पाय ओढत खाली उतरला. मी म्हटलं, "अरे, गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय ना? आधी ते करायचं की!" तर हसून म्हणतो, "अक्का, गुडघा कुणाला दिसतोय? गाडी सगळ्या गावाला दिसती." आई कौतुकानं आत बसली तर तापलेलं प्लास्टिक तिच्या पाठीला चिकटलं, तरी हा ते काढू देईना; काढलं की गाडी जुनी दिसती म्हणे. पुढच्याच हंगामात तो गुडघा गेला आणि खेळही गेला. आता त्याला क्लच दाबवत नाही, म्हणून गाडी मी शिकले, लातूरला डॉक्टरकडे मीच नेते, आणि हा शेजारी बसून मलाच दटावतो, "अक्का, नीट बस, प्लास्टिक फाटंल."