मोजणीबाहेरच्या खोल्या

रविवारी काका आमच्याकडे जेवायला येतात. ते बाबांचे चुलतभाऊ. दुबईत गवंडीकाम करतात आणि मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पमध्ये राहतात. अल नहदाला आमच्या घरी येईपर्यंत दोन बस बदलतात आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसतात.

"सुट्टीला पण काम काय गं बाय?" काकांनी विचारलं.

मी लॅपटॉप उघडून बसले होते. कॅरिबियनमधल्या एका बेट-देशात आमच्या सल्लागार कंपनीच्या क्लायंटला नवी हॉटेलं बांधायची होती. हॉटेलांमुळे तो देश वेगाने वाढतोय आणि गरीब-श्रीमंतांतलं अंतरही कमी होतंय, असं आमचा रिपोर्ट म्हणत होता. अंतराचं पान माझं होतं. बुधवारी ते क्लायंटसमोर जाणार होतं.

हे सगळं मराठीत सांगताना मी अडखळते. म्हणून एवढंच म्हटलं, "एका बेटावर हॉटेलंच हॉटेलं आहेत, काका. तिकडे घरोघरी जाऊन कमाई विचारतात. त्यावरून गरीब-श्रीमंतांतलं अंतर कळतं."

"हाटेलात राबणारे घरात थोडेच ऱ्हातात? आमच्यासारखेच, एका खोलीत आठ बाजा नि एक फ्रिज. त्याला घर कोन म्हनेल?"

"आणि विचारायला आलंच कोणी, तर कुटुंबप्रमुख कोण?" आईने चेष्टा केली.

"जो जास्त घोरतो तो."

सगळे हसले. मी मात्र त्या घरोघरच्या सर्व्हेच्या शेवटची नियमांची पानं उघडली. ती मी वाचलीच नव्हती. आमच्या टीममध्ये कोणी वाचत नाही. टेबल उचलायचं, आलेख काढायचा. तिथे स्पष्ट लिहिलं होतं: मालकाने दिलेल्या कामगार-निवासातले लोक धरलेले नाहीत. म्हणजे ज्या हॉटेलांमुळे देश वाढत होता, तिथलेच कमी पगारातले लोक मोजणीबाहेर होते. अंतर कमी झालं की वाढलं, हे त्या आकड्यांवरून सांगताच येत नव्हतं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी नेहमीसारखी टोकाला बसले, पण माझी पाळी यायच्या आधीच बोलले. "माझं पान चुकलंय."

आमच्या टीमच्या प्रमुख मॅडम पुण्याच्या, चिडल्या की मराठीत येतात. "हे आज सांगतेस? क्लायंटला ग्रोथ बघायचीय. अंतर कमी होतंय, एवढं एक वाक्य टाक, खलास."

"तेच वाक्य खोटं आहे, मॅडम. नियम न वाचता मी लिहिलं."

मी पुढे केलेलं नियमांचं पान त्यांनी दोनदा वाचलं. "तुझ्या लक्षात कसं आलं?"

"काकांमुळे."

"इकॉनॉमिस्ट आहेत?"

"गवंडी आहेत."

मॅडमनी चष्मा काढला. "तुझं पान काढू नकोस. नव्याने लिही. जे माहीत नाही, ते माहीत नाही असंच लिही."

बुधवारी पान गेलं. पुढच्या रविवारी काकांना मी सगळं सांगितलं, सावकाश आणि मराठीत.

"मग त्या खोल्यांत जानार का कोन विचारायला?"

"इन्शाल्ला."

"तसं देवावर सोडू नको. लिवलंस का?"

लिहिलं होतं. नवी हॉटेलं बांधण्याआधी कामगारांच्या खोल्यांत जाऊन पगार विचारा, ही त्या पानाची पहिली ओळ होती. लॅपटॉप त्यांच्याकडे वळवून मी ती वाचून दाखवली.