पल्याडचं लाल फडकं

घाटपल्लीला आलेला रस्ता पुढे कुठेच जात नाही. अहेरीहून येणारी एसटी पिंपळाखाली वळते, माणसं उतरवते आणि आल्या वाटेने परत जाते. त्यापुढे घाटाच्या पायऱ्या आणि प्राणहिता. पावसाळ्यात वाटेतला नाला चढला की एसटीही येत नाही. मग डिझेल संपून मोबाईलचा टॉवर बंद पडतो, पेपर येत नाही, सुटीवर गेलेला डॉक्टर सुटीवरच राहतो. सरकारी धान्य मात्र पावसाआधीच चार महिन्यांचं येऊन पडलेलं असतं. म्हणजे आपण तुटणार, हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं असतं. बाहेरच्या माणसाला या दिवसांत इथे उदास वाटेल. इथल्या माणसाला त्यासाठी वेळ नसतो. तो पलीकडे बघत असतो.

पलीकडे तेलंगणातलं मल्लारम. घाटपल्लीच्या निम्म्या सोयरिकी तिथल्या. दोन्ही घाटांवर एकेक उंच बांबू रोवलेला आहे. त्याला पांढरं फडकं बांधलं तर डोंगा पाठवा, किंवा माणसं नीट पोचली, काळजी नको. लाल बांधलं तर कोणी तरी गेलं. हे कोणी ठरवलं ते माहीत नाही. पांढरं सगळ्यांच्या खांद्यावर असतं, म्हणून ते रोजच्या कामाला. लाल पावसातूनही दुरून दिसतं, म्हणून ते वाईट बातमीला. मोबाईल आले तरी बांबू राहिले, कारण ज्या दिवसांत खरी गरज असते त्या दिवसांत मोबाईल मुके असतात.

नूरी चुडीवाली या दोन्ही घाटांची. तिचा नवरा कय्यूम फिरोजाबादच्या मालाची पेटी डोक्यावर घेऊन गावोगाव जायचा. तो वारला तेव्हापासून पेटी तिच्या डोक्यावर आली. ती बाईचा हात हातात घेते, अंगठ्याचं मूळ दाबते, बोटं एकावर एक आणते, आणि बोलता बोलता काचेची चुडी मनगटावर उतरलेली असते. हात असा दुसऱ्याच्या हातात गेला की माणूस बोलू लागतो. त्यामुळे कोणाची सासू छळते, कोणाची कूस उजवत नाही, कोण कोणावर जीव टाकून आहे, हे नूरीला दोन्ही काठांचं ठाऊक. ती ते या काठाचं त्या काठाला कधी नेत नाही. तिचे स्वतःचे हात कय्यूमनंतर मोकळे आहेत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांचे हात भरायचे आणि घरी येऊन मोकळ्या हातांनी भाकरी थापायची, याबद्दल ती आपणहून कधी बोलली नाही. विचारलं तर म्हणते, "काचेचा आवाज दिवसभर ऐकते ना मी. घरी तरी शांत पाहिजे."

मल्लारमच्या बायकांना श्रावणातल्या शुक्रवारच्या पूजेला नव्या चुड्या लागतात. दरवर्षी त्याआधी नूरी दसरू नावाड्याच्या डोंग्यातून पलीकडे जाते. त्या वर्षी तिचा गुडघा सुजला होता. पायरी उतरताना ती भिंत धरत होती.

"अम्मी, मी जाते," तिची सून उमेरा म्हणाली. उमेरा चंद्रपूरची, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. नवरा जिशान ट्रकवर असायचा, हैदराबाद रोडला.

"तुले तिकडचं बोलनं येते का?"

"चुड्या भरायले बोलनं काऊन लागते? त्या हात पुढं करतीन, मी भरीन."

"डोंग्यात बसली कधी?"

"बसल्यावरच समजन ना."

 पूजा चुकली तर पुढच्या वर्षी अहेरीचा दुसरा चुडीवाला तिथे जाऊन बसेल, हे नूरीला ठाऊक होतं. तिने पेटी उघडून दाखवली. लहान मापाच्या वर, मोठ्या मापाच्या खाली. सरपंचाच्या घरचं कुत्रं चावतं. पोचम्माच्या देवळाशेजारची म्हातारी हिरव्याशिवाय काही घालत नाही आणि घासाघीस फार करते. सगळं सांगितलं. घाटावर निरोप देताना म्हणाली, "पोचलीस की बांबूले फडकं बांधजो. ते दिसलं की मी जेवीन."

दसरू डोंग्यातलं पाणी डब्याने उपसत होता. "नूरीबाई, इतकी काऊन भेतं? तुयी सून काही काचेची नाई."

"पेटी फुटली तं तू भरून देशीन, दसरूभाऊ. सून फुटली तं काय देशीन?"

"मंग मीच येईन तुया घरी भाकरी थापाले."

उमेरा हसली. पाय ठेवताच डोंगा एका बाजूला कलला आणि तिने दसरूचा खांदा पकडला. दोघं निघाली तेव्हा ऊन होतं.

दुपारनंतर कोतवाल हाळी देत आला, की वरच्या धरणाचे दरवाजे उघडले, घाटावर कोणी जाऊ नका. तोपर्यंत खालच्या चार पायऱ्या बुडाल्या होत्या. पाण्याचा रंग बदलला, मग आवाज बदलला. पलीकडच्या बांबूवर पांढरं काही दिसलं नाही. टॉवर सकाळीच गेला होता. अंधार पडायच्या आधी मधल्या धारेतून काळं, लांबट असं काही वाहत गेलं. कोणी म्हणालं, ओंडका. बाकीच्यांच्या मनात डोंगा होता. नूरीने जेवण झाकून ठेवलं.

सकाळी पाऊस बारीक होता. चहाच्या टपरीवरचे दादाजी सगळ्यांत आधी घाटाकडे बघतात; वय झालं, पण दूरचं दिसतं. त्यांनी कपबशी खाली ठेवली. पलीकडच्या बांबूवर लाल होतं.

लाल दिसलं की घाटपल्लीत एक रीत आहे. दुकानांची दारं अर्धी ओढली जातात आणि कोणाचं, हे कोणी कोणाला विचारत नाही. विचारण्यासारखं काही नसतंच. जो तो मनात आपली माणसं मोजत असतो. कोणाची लेक तिकडे, कोणाचा भाऊ, कोणाचा म्हातारा बाप. प्रत्येक घर आपलं नाव सोडून बाकीची नावं पुढे करत असतं. हे उघड कोणी बोलत नाही, पण त्या दिवशी माणसं एकमेकांच्या डोळ्याला डोळा भिडवत नाहीत ते यासाठीच.

नूरी घाटावर येऊन बसली. तिला मल्लारम हातासारखं ठाऊक होतं. पोचम्माच्या देवळाशेजारची म्हातारी. ती आजारीच असते, तिचं काय उरलंय. सरपंचाचा दम्याचा भाऊ. पाटलांच्या घरची ती बाळंतीण. नूरी एकेकाला समोर आणत गेली, आणि बाळंतिणीपाशी आल्यावर थांबली. गेल्या दिवाळीला तिनेच त्या पोरीच्या हातात चुड्या भरल्या होत्या, आणि पोरीने तिला सांगितलं होतं की अजून कोणाला सांगितलं नाही, तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय. नूरीने पदर तोंडावर ओढला. आपण काय करून राह्यलो, हे तिला कळलं, तरी ते थांबवता येईना.

दसरूची बायको सुकरी आली आणि तिच्या शेजारी पायरीवर बसली. हातात भाजी निवडायचं सूप होतं. घरातून निघताना हातात होतं तसंच घेऊन आली असावी. 

"काय मागून राह्यली, बाई?" सुकरीने विचारलं.

"काय मागू."

"सांगू नको. मले माहीत हाय. मीबी तेच मागून राह्यली."

नूरीने तिच्याकडे बघितलं नाही.

"काल तो काळा ओंडका गेला ना," सुकरी म्हणाली, "तवापासून मी म्हणून राह्यली, माया माणसाले पोहता येते. मंग ध्यानात आलं, म्हणजे तुया सुनेले येत नाई."

"नाई येत."

"म्हणून आली. घरी बसून मले ते मागवत नवतं. इथी तुयाजवळ बसलं की मागता येत नाई."

नूरीने तिच्या मांडीवरचं सूप ओढून घेतलं आणि त्यातली भाजी निवडू लागली. अर्धी भाजी तिने निवडली, अर्धी सुकरीने. दादाजींनी दोघींना चहा आणून दिला आणि पैशाचं बोलले नाहीत, तेव्हा सुकरी म्हणाली, "हा फुकटात पाजून राह्यला म्हणजे यालेबी तसंच वाटते."

"पी ना चुपचाप," दादाजी म्हणाले.

दिवस तसाच गेला. लाल फडकं भिजून बांबूला चिकटलं, मग वारा आला की पुन्हा सुटं व्हायचं. दुसऱ्या दिवशी पाणी आणखी वर आलं आणि दोघी दोन पायऱ्या वर सरकून बसल्या. नूरीने जिशानला काय सांगायचं याची वाक्यं मनात जुळवली. मी पाठवली. माझा गुडघा दुखत होता. तिसरं वाक्य तिला सापडत नव्हतं.

दुपार कलली तेव्हा दादाजींनी टपरीतून हाक मारली. "सुकरे. पहा तं."

पलीकडे बांबूशी हालचाल होती. माणूस दिसत नव्हता, पण फडकं हलत होतं, ते वाऱ्याने नाही. लाल अर्ध्यावर आलं. थांबलं. पुन्हा वर गेलं. मग एकदम खाली आलं आणि त्याच्या जागी पांढरं चढलं. थोड्या वेळाने पांढऱ्याच्या खाली पुन्हा थोडंसं लाल दिसलं, आणि तेही झटका दिल्यासारखं नाहीसं झालं.

घाटावर जमलेल्या माणसांपैकी कोणालाच याचा अर्थ लागेना. लाल चढलेलं उतरतं ते रीतीने तीन दिवसांनी, आणि त्यानंतर काहीच चढत नाही. दादाजी बराच वेळ बघत राहिले.

"मेलेला उठून बसला वाटते," ते म्हणाले. "अन् कोनाशी तरी भांडून राह्यला."

कोणी तरी हसलं. मग सगळेच हसले, नूरीही. हसताना तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही. अजून काहीच नक्की नव्हतं. पण मेलेल्या माणसाच्या घाटावर दोघं जण फडक्यावरून अशी ओढाताण करत नाहीत, एवढं सगळ्यांना कळत होतं. दुकानांची दारं पुन्हा पूर्ण उघडली.

पाणी ओसरल्यावर दसरूचा डोंगा आला. उमेरा पेटी मांडीवर घेऊन मधोमध बसली होती, आता कलत नव्हती. डोंगा लागायच्या आधीच दसरू बोलू लागला.

"विचार हिले, नूरीबाई. कोन मेलं ते हिलेच विचार."

तो सांगत गेला तसं कळलं. पलीकडे पोचले आणि पाणी चढू लागलं. डोंगा वाहून जाईल म्हणून दसरू तो वरच्या नाल्यात घेऊन गेला आणि तिथेच एका मांडवाखाली अडकला. मल्लारमची माणसं पाण्याच्या भीतीने उंचावरच्या शाळेत गेली होती. उमेराला फडक्याची आठवण दुसऱ्या दिवशी पहाटे आली. पावसात एकटीच खाली गेली आणि फडकं बांधून परत शाळेत आली. मग ती तिथेच बायकांच्या चुड्या भरत बसली. सगळं गाव एका ठिकाणी होतं, घरोघर फिरायचं काम वाचलं. दसरू मांडवातून परतला तेव्हा त्याला मल्लारमच्या घाटावर लाल दिसलं.

"मी धावत शाळेत गेलो. म्हटलं, कोन गेलं? तं हे म्हणते, कोनी नाई, मी बांधलं. मंग घाटावर येऊन मी उतरवून राह्यलो तं हे दोरी सोडेना. म्हणते, ते अम्मीसाठी हाय, उतरवू नका."

"कोणतं फडकं?" नूरीने विचारलं.

उमेराने पेटीच्या तळातून ओढणी काढली. तिच्या लग्नातली, लाल, काठाला जर असलेली. काच फुटू नये म्हणून तिने ती पेटीत खाली अंथरली होती. आता ती चिखलाने आणि पाण्याने विटली होती.

"तुम्ही म्हणाल्या ना, फडकं बांधजो," उमेरा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता; वाटेत दसरूने तिला काय काय ऐकवलं असेल याचा अंदाज येत होता. "पांढरा दुपट्टा होता माझ्याजवळ. पण पाऊस होता. म्हटलं अम्मीले आताशा कमी दिसते. लाल दुरून दिसते, म्हणून लाल बांधली."

नूरीला आपलंच बोलणं आठवलं. सरपंचाचं कुत्रं सांगितलं, म्हातारीची घासाघीस सांगितली. जे आपल्याला श्वासाइतकं ठाऊक होतं तेवढंच सांगायचं राहिलं होतं. तिने उमेराचा हात हातात घेतला आणि सवयीने अंगठ्याचं मूळ दाबून बघितलं. मनगटावर सगळ्या चुड्या होत्या.

"दिसलं, बेटा," ती म्हणाली. "लय दुरून दिसलं."

सुकरीने दसरूच्या पाठीत एक धपाटा घातला. "अन् तू मांडवात झोपून होता?" दसरू म्हणाला, झोपलो नवतो, डोंग्याले राखत होतो. सुकरी म्हणाली, डोंगा बरा, बायको गेली पाण्यात. त्यावर दादाजी टपरीतून ओरडले की आता चहाचे पैसे द्या, दोन दिवसांचे.

तेव्हापासून घाटपल्लीत एक अडचण झाली आहे. लाल दिसलं की आता कोणी दार ओढत नाही. पोरं ओरडतात, "नूरीची सून पोचली." मध्ये पलीकडे कोणी तरी लाल लुगडं वाळत घातलं, तर अख्खा घाट हसत सुटला. वाईट बातमीसाठी दुसरं काही ठरवलं पाहिजे, म्हणून पिंपळाखाली बैठक झाली. दादाजी म्हणाले, काळी छत्री टांगावी. सुकरी म्हणाली, पावसाळ्यात प्रत्येकाची छत्री काळीच असते, रोज मयत होईल. कोणी पिवळं म्हणालं, तर पिवळं हळदीचं. दसरू म्हणाला, मल्लारमवाल्यांनाही विचारावं लागेल, आणि तिथेच बैठक मोडली.

ते अजून ठरलेलं नाही. यंदाही श्रावणात उमेराच पलीकडे गेली, आणि नूरी घाटावर बसून सुकरीच्या सुपातली भाजी निवडत होती. कोणी तरी विषय काढला, की अशी खूण नसणं बरं नाही, वेळ सांगून येत नाही.

नूरीने भाजीतला एक खडा काढून पाण्यात टाकला.

"नसू दे," ती म्हणाली. "येईन तवा पाहू."

पलीकडे बांबूवर लाल ओढणी चढत होती. नूरी उठली आणि जेवायला घरी गेली.