मावळतीचं मतदान

एकाहत्तरच्या हिवाळ्यात लढाई पेटली आणि आमच्या बेळगावच्या कॉलेजात ज्याच्या त्याच्या अंगात वीरश्री संचारली. लष्करी अधिकारी होण्याचं शिक्षण सगळ्या विद्यार्थ्यांना सक्तीचं करावं का, यावर वादविवाद ठेवला. शेवटी हात वर करून जे ठरेल ते अमलात आणू, असं प्राचार्यांनी आधीच सांगून टाकलं.

सक्तीच्या विरोधात मी होतो. मी सदलग्याच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा, राहायला जैन मुलांच्या बोर्डिंगात. तेव्हा मी अहिंसेवर बोलणार असं सगळ्यांनी धरलं आणि मीही धरू दिलं. खरी भानगड पोटाची होती. आम्ही दिवस मावळायच्या आत जेवायचो. परेड संध्याकाळची, ती सुटेपर्यंत अंधार, म्हणजे सकाळपर्यंत उपास.

समोर सक्तीच्या बाजूनं लष्करी कॅम्पात राहणारा माझा वर्गमित्र. वडील हवालदार, तेव्हा सीमेवर. त्याला लष्करात साहेब, म्हणजे अधिकारी, व्हायचं होतं, आणि चार-दोन पोरांसाठी कॉलेज परेड सुरू करायला तयार नव्हतं.

मी जोरात बोललो. निम्मं सभागृह आमच्या बोर्डिंगचं होतं, टाळ्यांना काय तोटा! मग तो उठला. वडिलांच्या बुटांपासून सुरुवात केली, बुटांवरून पट्ट्यावर आला, पट्ट्यावरून पगडीवर. घंटा वाजली तरी ‘शेवटचा मुद्दा’ म्हणत पुन्हा सुरू. बोलताना नजर मात्र पश्चिमेच्या खिडकीकडे. ऊन भिंतीवर चढलं तसं मागच्या बाकावरचं एक पोरगं हळूच सटकलं. मग दुसरं. मग ओळच्या ओळ. मी दात-ओठ खाऊन बसून होतो, पण त्या दिवशी बोर्डिंगात हुग्गी होती, गव्हाची खीर. मीही उठलो.

ढेकर देत परत आलो तर हा दारातच उभा.

“अण्णा, जेवलास न्हवं पोटभर? आता उद्यापासनं परेडला यायचं.”

“मतदान झालं?”

“व्हय. तुमच्या बाजूनं हात वर करायला कोणच न्हवतं रं.”

असा संतापलो की त्याच्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं.

परेड सुरू झाली आणि त्यालाच आमच्या तुकडीचा म्होरक्या केलं. दुसरं काय होणार होतं! पहिल्याच दिवशी सूर्य झाडांच्या शेंड्याला टेकला आणि तो ओरडला, “बोर्डिंगवाले, एक पाऊल पुढं!” आता शिक्षा, असं वाटून मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. “जेवायला... पळत चल!” कवायत शिकवायला आलेल्या लष्करी उस्तादांनी आमच्याकडे पाठ फिरवली आणि मग आकाशच बघत राहिले.

तो स्वतः पुढे पळत होता. बुटांचा धडधडाट ऐकून आमचा आचारी पळी घेऊनच अंगणात आला. मी हट्टानं त्याला पंगतीत बसवलं. खाली बघत तो म्हणाला, “घरी आईसमोर घास उतरत न्हाय रं. वडलांचं पत्रच न्हाय लई दिवस.” मग दोनदा भात मागून घेतला. माझा राग कुठल्या कुठे गेला.

दुसऱ्या दिवसापासून आचारी ताटं मांडतानाच विचारायचा, “साहेब आले का?”