पाहुण्यांच्या गाडीतून काढलेली खोकी

आयसालकिन एजेला किळस लपवता येत नसे. समोरचा खोटं बोलायला लागला की तिचं नाक आपोआप वर चढायचं आणि ओठ दुमडायचा, जणू कुणी नासलेलं दूध नाकाशी धरलंय. कारा-तोकोय या डोंगराखालच्या गावातल्या शाळेत ती संगणक शिकवायची, आणि शिक्षिकेला तिथे एजे, म्हणजे ताई, म्हणत. शिक्षकांच्या बैठकीत तिला मुद्दाम मागच्या रांगेत बसवत, कारण जिल्ह्याहून आलेल्या साहेबाचं भाषण चालू असताना हा चेहरा पुढे असणं शाळेला परवडण्यासारखं नव्हतं. तिचा नवरा रशियात कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. शेजारणी सांत्वनाला आल्या, तर त्यांना म्हणाली, "गेला त्याचं काही नाही गं. दर सणाला फोन करून गोड बोलतो, त्याची शिसारी येते." शेजारणी चहा न घेताच उठल्या. गावाने तिला तिखट म्हणून सोडून दिलं होतं.

त्या वर्षी राजधानीतल्या एका संस्थेने शाळेला उन्हाळी कार्यशाळा देऊ केली. दोन आठवडे मुलांनी स्वतःच्या हातांनी वस्तू करायच्या. चाकांवर पळणाऱ्या गाड्या, अंधार पडला की आपोआप लागणारे दिवे, असलं काहीबाही. मोटरी, वायरी, सेल, सोल्डर गन, सगळं सामान खोक्यांत भरून येणार होतं, शिकवायला एजेच, आणि अट एकच, की मुली निम्म्या तरी हव्यात. मुलं नोंदवायचं काम मुख्याध्यापक कादिरबेक अगायनी, म्हणजे गुरुजींनी, तिच्याच गळ्यात मारलं.

"नावं लिहून टाक," ते म्हणाले.

"मुलं आहेत कुठे अगाय? सगळी जायलोवर."

खरंच होतं ते. उन्हाळा लागला की मेंढ्या, घोड्या आणि माणसं डोंगरावरच्या कुरणांवर जातात. गावात उरतात म्हातारे आणि शाळेचे कर्मचारी.

"मुलं कशाला पाहिजेत? नावं पाहिजेत. बुद्धिबळाच्या शिबिराला मागच्या साली कुठे होती मुलं? झालंच ना शिबिर?"

"त्या शिबिराची आठवण झाली तरी ओकारी येते मला."

"तुला काय, दिवस गेल्यासारखी सदानकदा ओकारीच येते," असं म्हणून अगाय आपल्याच विनोदावर खूप वेळ हसले. एजे हसली नाही. मीठ आणि पीठ घेऊन वर निघालेल्या ट्रकमध्ये ती दुसऱ्या दिवशी चढून बसली.

वर गेल्यावर प्रत्येक तंबूत आदर झाला, पण मूल मिळेना. पोरं सोडता का म्हटलं की यजमानीण किमिझचं आणखी एक भांडं पुढे करी. घोडीचं ते आंबवलेलं दूध पिऊन एजे पुढच्या तंबूकडे वळे. शेवटी ती तुर्सुनायच्या तंबूपाशी आली. तुर्सुनाय एकेकाळची तिचीच विद्यार्थिनी. आता ती एक गुडघा टेकून घोडीची धार काढत होती आणि तिची मुलगी कुंदुझ शिंगराला कवेत घेऊन घोडीच्या मानेशी उभी होती. शिंगरू जवळ नसलं तर घोडी पान्हा सोडत नाही.

"नाही एजे," तुर्सुनाय मान वर न करता म्हणाली. "ही खाली गेली तर शिंगरं कोण धरणार? तुमचं यंत्र येईल का वर, शिंगरं धरायला?"

"दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

"हेच दोन आठवडे दुधाचे. आणि मी पण शिकलेय की तुमच्याकडे संगणक! पुठ्ठ्यावर अक्षरं काढून दिली होतीत तुम्ही. आम्ही पुठ्ठे बडवायचो. खरा संगणक कपाटात, डोक्यावर विणलेला रुमाल घेऊन, नव्या सुनेसारखा. हात लावला तर बिघडेल म्हणे. अजून तसाच असेल."

"भंगारात गेला," एजे म्हणाली. "नवाकोराच गेला."

दोघी हसल्या. तुर्सुनायचं हसू लवकर आटोपलं. तिने कासंडी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा एजेकडे नीट पाहिलं.

"एकच सांगा. हिचा हात लागेल त्या सामानाला? नुसतं बघायला मी नाही पाठवायची. बघायला इथे डोंगर आहेत."

कुंदुझने शिंगराच्या मानेआडून डोकं बाहेर काढलं. शिंगरू निसटायला लागलं तरी तिचं लक्ष एजेच्या तोंडाकडे होतं.

"लागेल," एजे म्हणाली. "माझा शब्द."

शब्द द्यायची तिला सवय नव्हती. देणाऱ्यांचे शब्द तिने आयुष्यभर ऐकले होते आणि त्यांचं पुढे काय होतं ते पाहिलं होतं. म्हणूनच बहुधा तुर्सुनायने तो घेतला. तुर्सुनाय पाठवतेय म्हटल्यावर आजूबाजूच्या तंबूंतूनही मुलं निघाली, आणि एजे पुरेशी नावं घेऊन नव्हे, पुरेशी पोरं घेऊन खाली उतरली. कुंदुझला तिने स्वतःच्याच घरी ठेवून घेतलं. खोकी आली त्या दिवसापासून ती पोर त्यांच्या झाकणांवरची चित्रं बघत बसायची आणि जेवायला हाका माराव्या लागायच्या.

उद्घाटनाच्या दिवशी अगायनी मेंढा कापला. आता कार्यशाळेला मेंढा कशाला, असं विचारणारं गावात कुणी नव्हतं, कारण जिल्हा कचेरीतून सापारबेकसाहेब आणि त्यांच्याबरोबर दोन गाड्या भरून पाहुणे येणार होते. मुलांसाठी लावलेली टेबलं एकाला एक जोडून त्यावर मेजवानीचं कापड अंथरलं गेलं. सोल्डर गन खिडकीत गेल्या, त्यांच्या जागी बोरसोकचे, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचे, ढीग आले. फीत कापली गेली. प्रत्येक पाहुण्याच्या पुढ्यात एकेक मूल उभं करून, मुलाच्या हातात मोटर देऊन फोटो काढला गेला. फोटो झाला की अगाय ती मोटर पुढच्या मुलाच्या हातात देत. मग सगळ्या मुलांना बाहेर काढलं आणि त्यातल्या मुलींना परत आत बोलावलं.

"निम्म्या मुली घ्या म्हणून संस्थेने सांगितलं ते बरंच झालं," अगाय खूश होऊन म्हणाले. "नाहीतर वाढायला माणसं कुठून आणली असती?"

कुंदुझच्या हातात पाण्याची सुरई आली. ती एकेका पाहुण्याच्या हातावर पाणी घालत गेली, खांद्यावर टॉवेल, मान खाली. सापारबेकसाहेबांनी चरबीने माखलेली बोटं तिच्या टॉवेलला पुसली, वीतभर अंतरावरून नखं न्याहाळली आणि भाषण सुरू केलं. भाषण तंत्रज्ञानावर होतं. मुलगी उद्याचं भविष्य आहे, असंही त्यात एक वाक्य होतं. मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या एजेचं नाक खोलीतल्या मेंढ्याच्या वासाने नाही, त्या वाक्याने वर चढलं.

मग पिशव्या भरायला सुरुवात झाली. केशिक, म्हणजे मेजवानीतला घरी न्यायचा वाटा, घेतल्याशिवाय पाहुणा हलत नाही. ताटातलं मांस, मूठभर बोरसोक, चार चॉकलेटं, घरच्या पोराबाळांच्या नावाने बांधून द्यायची. यात नवीन काही नव्हतं. नवीन होतं ते पुढे. अगायनी भिंतीशी रचलेल्या खोक्यांतलं एक उचललं आणि सापारबेकसाहेबांच्या पिशवीत, मांसाच्या वर, स्वतःच्या हाताने ठेवलं.

"नातवाला खेळायला!"

"अरे, कशाला, कशाला," म्हणत साहेबांनी पिशवीचं तोंड रुंद केलं.

त्यांना दिलं म्हटल्यावर शेजारच्याला कसं नाही द्यायचं? मानाप्रमाणे खोकी जायला लागली. कुणी लपवूनछपवून नेत नव्हतं, हे सगळ्यात घाण होतं. आशीर्वाद देत, छातीवर हात ठेवून, ढेकर देत नेत होते. भिंत मोकळी झाली, एक खोकं उरलं.

एजेने अगायना दारात गाठलं. "ते मुलांचं सामान आहे."

"हळू बोल. एक ठेवलंय ना? एकात सगळी बघतील."

"बघायला नाही आली ती पोरं! मी शब्द देऊन आणलीयत त्यांना."

"आणि पाहुण्यांना रिकाम्या हाताने घालवू? गावाचं नाक कापू? साहेब खूश झाले तर पुढच्या साली दुप्पट खोकी येतील."

"ती कुणाच्या नातवांना?"

"तुझं तोंड आवर, आयसालकिन. आणि तो चेहराही."

ती अंगणात आली. नळाशी मुली ताटं घासत बसल्या होत्या. थंड पाण्याने चरबी निघत नव्हती, हातांवर गोठून पांढरी होत होती. कुंदुझने कोपरापर्यंत माखलेले हात वर केले आणि अगदी आनंदाने विचारलं, "एजे, हे संपलं की आपलं सुरू होणार ना?"

एजेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती सरळ फाटकाशी उभ्या असलेल्या गाड्यांकडे गेली. पाहुणे अजून निरोप घेत होते, डिक्क्या उघड्याच होत्या. तिने पहिल्या पिशवीत हात घातला, खोकं ओढून काढलं आणि गवतावर ठेवलं. मग दुसरं. मांसाला तिने बोट लावलं नाही, बोरसोक सांडलं नाही. खोक्यांचे पुठ्ठे चरबीने पारदर्शक झाले होते.

एक म्हातारी "अगं बाई गं" म्हणून तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

"एजे," सापारबेकसाहेब हळूच म्हणाले, "दिलेलं केशिक परत घेतात?"

"केशिक तुमचं तुम्हाला आहे साहेब, खा पोटभर. हे पोरांच्या तोंडचं आहे."

"माझ्या उभ्या आयुष्यात असा अपमान झाला नाही."

"व्हायला हवा होता," एजे म्हणाली आणि पुढच्या डिक्कीकडे वळली.

गाड्या धुरळा उडवत गेल्या. अगायनी त्याच संध्याकाळी सांगून टाकलं की सप्टेंबरपासून तिला तास नाहीत. त्याचं तिला फार वाटलं नाही. वाटलं ते गावाचं. खोकी पाहुण्यांना वाटली याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, पण पाहुण्याच्या पिशवीत हात घालणारी बाई म्हणून दुकानात तिला पीठ देताना दुकानदारीण पैसे हातात न घेता फळीवर ठेवायला सांगायला लागली. घाणीत लोळणाऱ्यांनी तिच्याकडे बघून नाक मुरडावं, याने मात्र ती आतून पिचली. तरी रोज सकाळी ती शाळेत जाई. संस्थेला फोटो पाठवायचे असल्याने अगायना कार्यशाळा बंद करता येत नव्हती. मुलांनी खोक्यांवरची चरबी राखेने पुसली आणि कामाला लागली. कुंदुझचं बोट पहिल्याच दिवशी सोल्डर गनने पोळलं, आणि ते ती कुणाच्याही नाकापुढे नेऊन अभिमानाने दाखवायची.

ही बातमी वर कुरणांवर पोचायला वेळ लागला नाही. कार्यशाळा निम्मीही झाली नव्हती तोच तुर्सुनाय खाली आली, स्वतः एका घोडीवर, आणि खोगीर घातलेली दुसरी मोकळी घोडी मागे. अगायच तिला वर्गापर्यंत घेऊन आले. त्यांचा चेहरा फुलला होता.

"कुंदुझ, चल," ती दारातूनच म्हणाली.

"तुर्सुनाय," एजे उठली, "मी शब्द दिला होता. तिचा हात लागलाय. बघ तरी."

"हात लागेल का एवढंच विचारलं मी एजे. कुणाच्या हातातून काढून, ते विचारायला हवं होतं. पाहुण्याकडून हिसकावलेल्या वस्तूला माझी मुलगी शिवणार नाही. वरती लोक तोंडावर विचारतात मला."

हक्क, चोरी, मुलांचं सामान, हे सगळं एजे गावाला सांगून चुकली होती. ती आपल्याच हातांकडे बघत राहिली. अगायनी खिडकीबाहेर बघत घसा खाकरला.

कुंदुझ उठली नाही. तिने वायर टेबलावर ठेवली.

"आई, त्या दिवशी मी सगळ्यांच्या हातांवर पाणी घातलं. ताटं घासली, कढई पण घासली. सगळ्यांना केशिक मिळालं. मला नाही मिळालं."

"म्हणजे?"

"आम्हाला कुणालाच नाही दिलं. हेच माझं केशिक."

तुर्सुनाय दारातून आत आली. "मांस नाही दिलं?"

"नाही."

"बोरसोक? एक बोरसोक पण नाही?"

कुंदुझने मान हलवली. बाकीच्या मुलींनीही हलवली. तुर्सुनाय सावकाश वळली.

"अगाय, माझ्या पोरीला वाढायला लावलंत आणि तिला रिकाम्या हाताने घरी धाडलंत?"

"अहो, गडबडीत राहिलं... लहान मुलं ती..."

"लहान मुलांसाठीच असतं ते! कुत्र्याला पण कुणी असं हाकलत नाही." तिच्या नाकपुड्या फुलल्या, ओठ दुमडला, आणि ती अगायच्या बुटाशेजारी थुंकली. "शी! तुमच्या घरचं पाणी पिणार नाही मी यापुढे."

अगाय पांढरे पडले. "आत्ता पाठवतो. आत्ताच्या आत्ता मांस, बोरसोक, सगळं..."

"आता नको," तुर्सुनाय म्हणाली. "आता ती कामात आहे."

"आई, शिंगरं कोण धरणार?" कुंदुझने विचारलं.

"बाप धरेल तुझा. झोपतोच आहे नाहीतरी."

ती बाहेर गेली, मोकळ्या घोडीचा लगाम आपल्या खोगिराला बांधला आणि दोन्ही घोड्या घेऊन एकटीच चढणीला लागली.