पाण्याला लागताच बंद पडणारी होडी
लॅपटॉप तापल्याचा वास आला की कॉलेजातला आमचा गेम आठवतो. गोदावरीच्या पुरातून होडीने माणसं वाचवायची, असा तो खेळ. आमच्या गटाची प्रमुख गोदाकाठच्या सायखेड्याची एक मैत्रीण. तिने गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचं अगदी नवं, अजून चाचणीतच असलेलं व्हर्जन घेतलं, आणि कॉलेजच्या प्रदर्शनाच्या तोंडावर होडी पाण्याला लागली की सगळं बंद पडायला लागलं. त्यातलं काम जुन्या व्हर्जनमध्ये उघडेना. सर चिडून आत आले, तशी ती उभी राहिली. “सर, व्हर्जन मी निवडलं. बाकी कुणाला बोलू नका.” मग आमच्याकडे वळली, “चला, जुन्यावर पहिल्यापासून करू. चित्रं तर आपलीच हायेत ना!” गेम छोटा झाला, पण होडी पैलतीराला लागली. आता माझ्याही हाताखाली माणसं आहेत. तेव्हा तिला किती बळ लागलं असेल, ते आज कळतं.